आजोबांची दुनळी : छंद म्हणून बंदूक-दुरुस्ती शिकण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बंदूक-दुरुस्तीत माझी तीस वर्षं गेली. या काळात छंद म्हणून काम शिकायला बरेच जण आले, पण पहिल्याच दिवशी हात तयार असलेली माणसं मी दोन-तीनच पाहिली. त्यांतल्या एकीचं हे प्रकरण. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. बंदुकीची मापं मात्र जशी होती तशी दिली आहेत, कारण सगळा निर्णय शेवटी त्या मापांवरच आला.

ताई चाळिशीतल्या. दातांच्या लॅबमध्ये कॅप, ब्रिज, कवळ्या घडवण्याचं त्यांचं काम. मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूकसुद्धा त्यांच्या कामात चालत नाही. आजोबा गेल्यावर त्यांची दुनळी बंदूक घरात कोणाला नको होती. ताईंनी रीतसर परवाना आपल्या नावावर करून घेतला आणि मग माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "काका, ही मला माझ्या हातांनी नीट करायची आहे. आणि नीट झाल्यावर एकदा तरी हिचा बार ऐकायचा आहे."

कायद्याचं इथेच सांगून टाकतो, कारण छंदाची सुरुवात तिथूनच होते. प्रत्येक देशाचे नियम वेगळे. कुठे मालकाला स्वतःच्या बंदुकीची डागडुजी करता येते, तर कुठे परवानाधारक कारागिराशिवाय कोणी तिला हात लावायचा नाही. आम्ही अंदाजावर विसंबलो नाही. परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारलं आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबलो. लाकूड आणि वरवरची निगा मालकाने करावी, बाकी सगळं परवानाधारक कार्यशाळेत, कारागीर समोर असताना, असा त्या उत्तराचा अर्थ होता. ताईंचा अभ्यासक्रम मी याच रेषेवर आखला. बाकीची कामं माझ्या बाकावर, मी शेजारी उभा असताना होणार होती.

बंदूक बारा बोअरची, शेजारी-शेजारी दोन नळ्यांची, बाहेरच्या घोड्यांची. दस्ता अक्रोडाचा. नळ्या दमास्कस पद्धतीच्या. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, तो पीळ एका दांड्याभोवती वेटोळा गुंडाळायचा आणि भट्टीत ठोकून एकजीव करायचा, अशी ती पद्धत. नळ्यांच्या खालच्या बाजूला बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के होते. ही संस्था १८१३ सालची. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त जोराचा बार भरून तिथे चाचणी होते आणि टिकलेल्या नळीवर शिक्का बसतो.

अडचण काय होती

वरवर पाहिलं तर नेहमीचीच दुखणी. दस्त्याचा पुढचा भाग, जिथे लाकूड लोखंडाला भिडतं, तेल पिऊन काळा पडलेला. बाजूने पोचे आलेले. पकडीची चौकडी, म्हणजे हात घसरू नये म्हणून कोरलेल्या बारीक रेघा, झिजलेली. दोन्ही बाजूंच्या लॉकप्लेटना, म्हणजे घोड्याची यंत्रणा ज्यांवर बसते त्या लोखंडी पाट्यांना, एकत्र धरणारा आडवा स्क्रू घट्ट अडकलेला. त्यातच घरात कोणीतरी पूर्वी साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावून त्याच्या खाचेची एक कड उचटवून ठेवलेली.

खरी अडचण मात्र मला उशिरा कळली. ताईंना तीन गोष्टी हव्या होत्या : काम शिकायचं होतं, बंदूक देखणी करायची होती आणि ती एकदा उडवायची होती. या तीन गोष्टींचे रस्ते वेगळे आहेत. मी तिन्ही एकाच गाठोड्यात बांधल्या आणि पुढचा बराचसा घोळ त्यातूनच झाला.

पहिला निर्णय : शिकायचं कशावर

माझा शिरस्ता असा की नव्या माणसाने सहा महिने भंगारावरच हात चालवायचा. आधी लोखंडाचा ठोकळा कानशीने गुण्यात आणायचा. मग भंगारातल्या चापाच्या यंत्रणा शंभर वेळा खोलायच्या आणि जोडायच्या. या जुन्या यंत्रणांत व्ही आकाराची पट्टीची स्प्रिंग असते. ती खास चिमट्यात दाबून न धरता काढली तर तुटते, नाहीतर डोळ्यावर येते. ही शिस्त अंगात मुरायला वेळ लागतो.

ताईंनी ठोकळा चार दिवसांत काटकोनात आणला. मी गुण्या लावून उजेडासमोर धरला तर फटीतून प्रकाश दिसेना. तिसऱ्या आठवड्यात मी म्हणालो, "तुमची बंदूक आणा." माझ्यासमोर दोन पर्याय होते, लगेच त्यांची बंदूक हातात देणं किंवा भंगारावरची शिकवणी पूर्ण करून घेणं, आणि मी दुसऱ्याचा नीट विचारच केला नाही. हात तयार असणं आणि बंदुकीची समज असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हाताचं कौतुक वाटलं आणि समजेची परीक्षा मी घेतलीच नाही.

अडकलेला स्क्रू

इथे मात्र सगळं छान जमलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाजारातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. ते खाचेच्या फक्त वरच्या कडांना टेकतं. जोर लावला की वर सरकतं आणि कड उचटते. बंदुकीच्या स्क्रूसाठी टोकाच्या दोन्ही बाजू समांतर हव्यात आणि ते खाचेत तळापर्यंत, या काठापासून त्या काठापर्यंत, घट्ट बसायला हवं. जुन्या चांगल्या बंदुकांच्या खाचा फार अरुंद असतात, त्यामुळे तयार अवजार क्वचितच चालतं. ज्याची त्याची घडण स्वतः करावी लागते.

ताईंनी अवजाराचं टोक घासायला दीड दिवस घेतला. घासताना पोलाद निळं पडू दिलं नाही, दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवलं. निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, हे त्यांना त्यांच्या कामामुळे आधीच ठाऊक होतं. उचटलेली कड छोट्या हातोडीने हलकेच ठोकून परत खाली बसवली. कानस लावली असती तर तेवढं लोखंड गेलं असतं.

मग प्रश्न आला, फिरवायचा कसा? जोर लावून बघणे, स्क्रू तापवणे, ड्रिलने पोखरून काढणे आणि थांबणे, असे चार पर्याय होते. पोखरणं शेवटचं, कारण स्क्रूच्या डोक्यावर मूळची नक्षी होती. आम्ही थांबलो. पाझरणारं तेल रोज दोन थेंब, आठ दिवस. नवव्या दिवशी सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक डोक्यावर थोडा वेळ टेकवलं. मग अवजार बंद ड्रिल प्रेसच्या चकमध्ये धरून वरून दाब दिला आणि चक हाताने फिरवला. मोटर चालू करायची नाही, दाब सरळ मिळावा एवढ्यासाठीच ते यंत्र. स्क्रू पाव फेरा फिरला. ताईंनी तो लगेच काढला नाही. परत घट्ट केला, तेल सोडलं, परत सैल केला. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांना ते आपसूकच सुचलं.

लॉकप्लेट

चूक झाली ती पुढच्याच आठवड्यात.

लॉकप्लेटवर करडे डाग दिसत होते. ताईंनी उजवी पाटी घरी नेली आणि दातांच्या कॅपला देतात तशी प्युमिसची बारीक पूड आणि बफचं मऊ चाक लावून चकाकी दिली. सोमवारी माझ्या हातात आरशासारखी पाटी ठेवली. चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला क्षणभर बोलवेना.

ते करडे डाग म्हणजे मूळच्या रंगांचा उरलेला अंश होता. हे भाग कडक करताना हाडांचा आणि लाकडाचा कोळसा भरलेल्या डब्यात लाल होईपर्यंत तापवतात आणि एकदम पाण्यात सोडतात. पृष्ठभागात कार्बन शिरून वर कडक कवच तयार होतं आणि आतला गाभा चिवट राहतो. त्याच वेळी निळ्या, जांभळ्या, तपकिरी रंगांचे ढग उमटतात. हा रंगाचा थर अतिशय पातळ असतो. बफने तो पूर्ण गेला. कवच शाबूत राहिलं, पण रंग परत आणायचे तर पाटी पुन्हा भट्टीत घालावी लागेल आणि तेव्हा ती वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका आहे.

ताईंनी विचारलं, "डावी पण तशीच करायची का, म्हणजे जोडी जुळेल?" हा खराखुरा निर्णयाचा क्षण होता. जोडी जुळवण्याचा मोह मलाही झाला. पण डावी पाटी हा या बंदुकीवरचा मूळ रंगांचा शेवटचा पुरावा होता. आम्ही ती नुसती तेलाच्या फडक्याने पुसली आणि परत बसवली. बंदुकीच्या दोन बाजू आज वेगवेगळ्या दिसतात.

दातांच्या कामात चकाकी म्हणजे काम पूर्ण झाल्याची खूण, कारण खडबडीत पृष्ठभागावर जंतू साठतात. वीस वर्षांची सवय हातात होती आणि ती सवय इथे उलटी पडेल हे मी आधी सांगायला हवं होतं. शिकणारा कुठल्या धंद्यातून आला आहे हे मी आता पहिल्या दिवशीच विचारतो. सुतार असेल तर पॉलिश पेपर फार चालवेल, मोटार मेकॅनिक असेल तर पान्यावर जोर देईल. हाताची सवय आधी ओळखावी लागते.

लाकूड

यानंतरचे तीन महिने लाकडावर गेले आणि ते फार सुंदर गेले.

दस्त्याचं डोकं काळं का पडतं? बंदूक वर्षानुवर्षं तोंड वर करून उभी ठेवली जाते आणि नळीत सोडलेलं तेल हळूहळू उतरून लाकडात जातं. तेल प्यायलेलं लाकूड मऊ पडतं. धक्का झेलायची वेळ येते तेव्हा ते चिरतं. खडूची पांढरी पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिचा लेप लावायचा. ॲसिटोन उडून जाताना तेल वर ओढून आणतं आणि पूड पिवळसर-तपकिरी होते. मग ती झटकायची आणि नवा लेप द्यायचा. असे एकोणीस लेप झाले. खिडक्या उघड्या ठेवल्या, जवळपास ज्योत नाही. विसावा लेप पांढराच राहिला तेव्हा थांबलो. काळिमा गेल्यावर खालून बोटभर लांबीची एक चीर निघाली, ती पातळ गोंद आत खेचून बंद केली.

पोचे काढताना लाकडाचे तंतू दबले आहेत की तुटले आहेत हे आधी पाहायचं. दबलेले असतील तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली की वाफेने तंतू फुगून वर येतात. तुटून गेले असतील तर वाफ काही करू शकत नाही. ताईंनी भिंगाखाली एकेक पोचा तपासून दस्त्यावर खडूने खुणा केल्या : अकरा दबलेले, दोन तुटलेले. अकरा जवळजवळ पूर्ण वर आले. तुटलेले दोन तसेच ठेवले. भोवतीचं लाकूड घासून ते नाहीसे करता आले असते, पण मग लाकूड लोखंडाच्या कडेपेक्षा खाली गेलं असतं. जुनी बंदूक कोणीतरी अशी बिघडवलेली असेल तर ती याच जागी ओळखू येते.

शेवटी पक्कं केलेलं जवसाचं तेल. दोन-चार थेंब, तळहाताने गरम होईपर्यंत चोळायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मगच पुढचा हात. एक इशारा : या तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकू नयेत. वाळताना ते तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. बोळ्यात उष्णता कोंडली की काडी न लावता पेट घेतो. आम्ही फडकी पसरून वाळवायचो, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायचो.

याच काळात नळ्यांचा रंग हा विषय निघाला. ताईंनी गरम क्षारात बुडवून काळा रंग देण्याबद्दल वाचलं होतं. दुनळीला ते कधीही चालत नाही. दोन नळ्यांमधली पट्टी मऊ सोल्डरने बसवलेली असते. तो तीव्र क्षार सुमारे १४० अंशांवर असतो. तेवढ्याने सोल्डर वितळत नाही, पण रासायनिकरीत्या खाल्लं जातं आणि पट्टी सुटते. दुनळीसाठी मंद गंजाची पद्धत : बारीक गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात त्याचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करायचं, मऊ तारेने झटकायचं आणि हे अनेकदा करायचं. आम्ही ते पुढे ढकललं, आणि पुढे ढकललं हे बरंच झालं.

नळ्यांची मापं

पहिल्याच दिवशी मी नळ्या खालच्या खुंट्याला दोरी बांधून टांगल्या आणि लाकडाने हलकेच टकटक केलं. घंटेसारखा लांब स्वर आला. आतून पाहिलं तर दोन्ही नळ्या लख्ख. मी म्हणालो, "छान आहेत." ताईंची बार ऐकण्याची आशा त्या दोन शब्दांवर वाढत गेली.

दोन्ही निष्कर्ष कच्चे होते. घंटेचा स्वर पट्टीचा सांधा घट्ट आहे एवढंच सांगतो, नळीच्या जाडीबद्दल काही सांगत नाही. आणि काळ्या दारूवर चाललेली शतकापूर्वीची नळी आतून लख्ख असेल तर आनंद व्हायच्या ऐवजी शंका यायला हवी. काळ्या दारूची राख ओल धरते आणि नळीला खड्डे पाडते. ते खड्डे दिसत नसतील तर कोणीतरी आतून धातू घासून काढला असण्याची शक्यता मोठी.

पाचव्या महिन्यात मी मापं घेतली. शिक्का '१३ वर १' असा होता, म्हणजे प्रूफच्या वेळी नळीचा आतला व्यास ०.७१९ इंच, सुमारे १८.२६ मिलिमीटर. डाव्या नळीचं माप आलं १८.३४. उजवीचं आलं १८.७०. उजवी नळी प्रूफनंतर कधीतरी आतून मोठी केली होती, त्यामुळे तिच्यावरच्या शिक्क्याला आता अर्थ उरला नव्हता. मग भिंतीची जाडी. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या भागाच्या, टोकापासून ३० सेंटिमीटरवर, बाहेरच्या एका जुन्या खड्ड्याच्या जागी, उजवी भिंत ०.४१ मिलिमीटर भरली. अशा जागी भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या, म्हणजे इंचाच्या २० हजारांशांच्या खाली गेली की जाणते कारागीर ती नळी नाकारतात. नेम धरताना डाव्या हाताचा पंजा बरोबर तिथेच येतो.

चेंबरची लांबी ६५ मिलिमीटर. हल्लीचं सर्वसाधारण काडतूस ७० मिलिमीटरचं. ते जुन्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं, आणि फसगत इथेच होते. ७० हे माप उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाचं आहे. तोंड दुमडलेलं असताना ते आखूड असतं. उडताना तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. त्यात या नळ्यांवर धूरविरहित दारूच्या चाचणीचा शिक्का कुठेच नव्हता. पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये फ्रान्समध्ये ती दारू यशस्वीपणे तयार केली आणि त्यानंतर दाबाची सगळी गणितं बदलली. या नळ्या त्याआधीच्या हिशेबाने तपासलेल्या होत्या.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, काळ्या दारूचं हलकं काडतूस भरून फक्त डावी नळी उडवायची. हे मी लगेच नाकारलं. एक नळी बाद असलेली दुनळी भरली की चुकीचा चाप ओढला जाण्याची शक्यता कायम राहते. डावीलाही नव्याने तपासणी लागलीच असती.

दुसरा, चेंबरच्या पुढे नळ्या कापून जुन्या बुडात नव्या पोलादी नळ्या बसवायच्या आणि पुन्हा प्रूफ करून घ्यायचं. धंद्यात ही मान्य पद्धत आहे आणि मी हाच सल्ला दिला. ताई बराच वेळ नळ्यांवरची वेलबुट्टीसारखी वळणं बघत राहिल्या. म्हणाल्या, "काका, या कापल्या तर आजोबांच्या हातात असायचं त्यातलं उरलं काय?"

तिसरा, नियमाप्रमाणे बंदूक कायमची निकामी करून घ्यायची. त्यात आतल्या भागांत कापाकापी होते. जी यंत्रणा त्या शिकत होत्या तीच गेली असती.

चौथा, न उडवता जपायची. परवाना चालू ठेवायचा, कारण उडवण्यालायक नसली तरी ती बंदूकच राहते. घोडे सोडताना काडतुसावर ठोका देणाऱ्या पिनांना मार बसू नये म्हणून चेंबरमध्ये नकली काडतुसं ठेवायची.

ताईंनी चौथा निवडला. त्या दिवशी त्या लवकर निघून गेल्या आणि दोन आठवडे आल्या नाहीत. मापं पहिल्या दिवशी घेतली असती तर हा धक्का पाच महिन्यांच्या आशेनंतर बसला नसता. ते मी त्यांना तोंडावर सांगितलं.

काय झालं

त्या परत आल्या. दस्ता पूर्ण झाला. चौकडी मात्र त्यांनी लगेच पुन्हा कोरली नाही. अक्रोडाच्या तुकड्यांवर इंचाला २२ रेघांचा सराव चालू ठेवला. सातवा तुकडा मी जपून ठेवला आहे, त्यातली एकही रेघ दुसरीत घुसलेली नाही. नळ्यांना नवा रंग दिला नाही. भंगारातल्या यंत्रणांवर त्यांची राहून गेलेली सहा महिन्यांची शिकवणी आता पूर्ण झाली आहे. बार ऐकण्याची इच्छा त्यांनी एका नेमबाजी क्लबात, प्रूफ झालेल्या दुसऱ्या दुनळीवर पुरी केली.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम उलटा करीन. बंदूक बाकावर आली की त्याच दिवशी शिक्के वाचायचे, आतला व्यास, भिंतीची जाडी आणि चेंबरची लांबी मोजायची, कागदावर लिहायची आणि मगच मालकाला विचारायचं, तुम्हाला हिचं काय करायचं आहे? ताईंना ही उत्तरं पहिल्या आठवड्यात मिळाली असती तर त्यांनी कदाचित वेगळी बंदूक शिकायला घेतली असती. कदाचित हीच घेतली असती, पण जाणून.

सुटे भाग कार्यशाळेबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, हा नियम मी तेव्हापासून सगळ्यांना लावला आहे. आणि प्रत्येक भागावर काम करण्याआधी त्याचा फोटो काढून वहीत लावायचा, खाली लिहायचं : इथून काय काढलं जाणार आहे? ही वही ताईंची कल्पना. लॉकप्लेटच्या पानापासून त्यांनी ती सुरू केली.

बंदुकीच्या पेटीत आता मापांचा कागद आहे आणि चापाच्या कडीला जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे. ताईंच्या सुवाच्य अक्षरात तिच्यावर लिहिलं आहे : उजवी नळी ०.४१ मि.मी., चेंबर ६५, प्रूफ बाद, उडवू नये. ही बंदूक पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला काडतूस सहज बसेल आणि नळ्या आतून लख्ख दिसतील.